चिठ्ठीत निघालेली बाजू

थ्रेशरचा आवाज परवा पुन्हा कानावर आला आणि माझी स्कूटी आपोआप हळू झाली. धनजकडे, माझ्या आताच्या शाळेकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना सोंगून म्हणजे कापून पडलेलं सोयाबीन, ओळीओळींत उभी राहिलेली हिरवीगार तूर आणि एका वावरात कुटाराचा, भुशाचा, पिवळा धुरळा उडवत चाललेलं ते यंत्र. धुरळा नाकात गेला, शिंकांवर शिंका आल्या, मान खाजायला लागली, आणि मला एकदम आनंद झाला. शिंकून आनंदी होणारी बाई वाशीम जिल्ह्यात मी एकटीच असेन. पण काय करू? बाकीच्यांसाठी हे सोयाबीनचे दिवस असतात, माझ्यासाठी ते वादाचे दिवस आहेत.

वाद म्हणजे भांडण नव्हे, हे आधी सांगून टाकते, कारण माझ्या सासरी अजूनही काहींचा तसा समज आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवते. इतिहास, नागरिकशास्त्र, विज्ञान, जे वाट्याला येईल ते. आणि काही वर्षांपूर्वी, शिरपूरच्या पलीकडच्या एका लहानशा गावात असताना, अशाच एका हंगामात मला ते सगळं वादातून शिकवायची खोड लागली. बदली झाली, शाळा बदलली, खोड काही गेली नाही.

त्या शाळेत जायला मी सकाळची बस धरायची. शिरपूरच्या देवळाला निघालेले यात्रेकरू पुढच्या बाकांवर, स्वच्छ कपड्यांत, शांत. आणि मागे ताडपत्रीची गुंडाळी, विळे आणि जेवणाचे डबे घेऊन सोंगणीला निघालेल्या बायका, मुळीच शांत नाहीत. मी नेमकी दोघांच्या मध्ये बसायची. एकीकडून दर्शनाच्या वेळेची चौकशी, दुसरीकडून कालच्या मजुरीवरून मुकादमिणीचा उद्धार. शिरपूरला उतरून पुढे ऑटो मिळाला तर ऑटो, नाहीतर दूधवाल्याची मोटारसायकल. शाळेत पोचेपर्यंत माझ्या साडीवर गावातल्या प्रत्येक वावराचा थोडाथोडा धुरळा जमा झालेला असायचा.

सोयाबीनच्या दिवसांत वर्ग अर्धा व्हायचा. सहावी आणि सातवी मग मी एकत्रच बसवायची. जी पोरं येत त्यांच्या पोटऱ्या खुंटांनी ओरखडलेल्या, बोटं शेंगांच्या टोकांनी चिरलेली. पहाटे दोन तास वावरात, मग विहिरीवर हातपाय धुवून शाळेत. अशा पोरांसमोर मी ग्रामपंचायतीची कर्तव्यं वाचायला घेतली की ती माझ्याकडे इतक्या सज्जनपणे बघायची की मलाच झोप यायची.

एके दिवशी त्या सज्जनपणाचा भंग झाला. मी फळ्याकडे तोंड करून काहीतरी लिहीत होते आणि पाठीमागे खुसफूस वाढत वाढत तिचा चांगला मोठा कलह झाला. विषय होता, गावात आलेल्या दोन थ्रेशरांपैकी चांगलं कोणतं. एकानं सांगितलं, लाल यंत्रातून दाणा फुटून निघतो. दुसऱ्यानं विचारलं, तू पाहिला का? पहिला म्हणाला, मुठीत घेऊन पाहिला. तिसरी म्हणाली, मुठीत घेतलेला कोणत्या पोत्यातला, वरचा की तळचा? चौथ्यानं कुटारात किती दाणे जातात ते सांगितलं, कारण त्याच्या बकरीला ते खायला मिळाले होते. मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. पुरावा, साक्षीदार, उलटतपासणी, शंका, सगळं माझ्यासमोर चाललं होतं, आणि ज्यांच्याकडून चाललं होतं त्यांना चाचणीत ‘कारणे द्या’ या प्रश्नाला एक ओळ लिहिता येत नव्हती. मी पुस्तक मिटलं. त्या दिवशी ग्रामपंचायतीची कर्तव्यं राहिली ती राहिलीच.

नियम आधी ठरवून केले नाहीत. ते हळूहळू, मार खात खात तयार झाले. पोरं आपल्या आवडीची बाजू घ्यायची आणि मग सगळी एकाच बाजूला जमायची, म्हणून चिठ्ठ्या आल्या. माझा जेवणाचा रिकामा डबा, त्यात घड्या घातलेले कागद; जी बाजू निघेल ती आपली, रडायचं नाही. पुढे लक्षात आलं की समोरचा काय बोलतोय ते कोणी ऐकतच नाही, सगळे आपली पाळी यायची वाट बघत बसतात. म्हणून असं ठरलं की आपलं बोलायच्या आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं, आणि समोरच्यानं व्हय म्हटल्याशिवाय पुढं जायचं नाही. मग अर्ध्या वेळेला टोल पडायचा, व्हरांड्यात टांगलेल्या लोखंडी तुकड्यावर दगडाचा एक ठोका, की बाजू बदलायच्या. मघापर्यंत ज्याच्यावर तुटून पडलो त्याचीच वकिली करायची. आणि शेवटचा नियम पोरांनीच केला. वाद चालू असताना जो दारात येईल त्यालाही बाजू घ्यावी लागेल, आणि ज्या बाजूला माणसं कमी ती. माझी त्याला मुळीच हरकत नव्हती.

या सगळ्याचं बीज बहुधा कारंज्याच्या माझ्या माहेरात आहे. आमच्या स्वयंपाकघरात चहात आलं की गवती चहा यावरही दोन पक्ष असायचे आणि आई दोन्ही पक्षांना मिळून एकच चहा पाजायची. माझे यजमान म्हणतात, तू पोरांना बाजू बदलायला शिकवतेस, घरी मात्र तुझी बाजू बदललेली मी अजून पाहिली नाही. मी त्यांना सांगते, आधी माझं म्हणणं नीट सांगा, मग बोला. त्यावर ते पेपर उघडतात.

त्या हंगामातला सम्यक मला स्पष्ट दिसतो. सातवीतला, वडील पोस्टात, घरी भिंतीवर संविधानाची उद्देशिका लावलेली आणि याला ती झोपेतही पाठ. खो-खोत आउट झाला तरी हा कंबरेवर हात ठेवून म्हणायचा, ‘मॅडम, हे समानतेत बसत नाही.’ विज्ञानाच्या अन्नसाखळीच्या धड्याला मी विषय दिला, रोही वावरात शिरतो यात चूक कोणाची? रोही म्हणजे आमच्याकडची नीलगाय. तुरीचे शेंडे तिला फार आवडतात आणि ज्याची तूर जाते त्याला ती मुळीच आवडत नाही. सम्यकला चिठ्ठीत रोही निघाला. तो उभा राहिला, घसा साफ केला.

‘मी रोही हाय. माह्या बापजाद्याच्या रानात तुमी तूर पेरली. मले कोनी इचारलं? ग्रामसभेत मले बोलावलं का? आता मीच चोर?’

समोरच्या बाकावरची गौरी ताडकन उठली. ‘तुह्या बापजाद्यानं कधी पेरलं का काही?’

‘पेरलं नाही म्हनून तं रान होतं थे!’

वर्ग हसून लोळला. पण टोल पडला आणि हाच सम्यक शेतकरी झाला, तेव्हा त्याचा आवाज खाली आला. त्याच्या मामाची तूर मागच्या वर्षी एका रात्रीत गेली होती. मामा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून कसा राहिला होता ते तो सांगायला लागला आणि मग कोणीतरी विचारलं, ‘मॅडम, पहिले रोह्याले खानारं काही होतं का नाही?’ तिथून आम्ही वाघाकडे गेलो, वाघाकडून गवताकडे, गवताकडून पुन्हा तुरीकडे. अन्नसाखळी फळ्यावर काढायचं मी विसरले, पण ती पुन्हा कोणाला शिकवावी लागली नाही.

सरपंचही एकदा दारात सापडले. नागरिकशास्त्राचा तास, गावात आधी काय हवं, सभागृह की शाळेला पाण्याची टाकी. सरपंचांच्या मनात सभागृह होतं हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ते सहज डोकावले आणि पोरं ओरडली, ‘दारात आले! दारात आले!’ टाकीच्या बाजूला माणसं कमी होती. सरपंचांनी टोपी सारखी केली आणि टाकीच्या बाजूनं असं भाषण ठोकलं की मला वाटलं आता टाकी घेऊनच निघतात. टोल पडला. बाजू बदलली. त्याच जोरात, त्याच हातवाऱ्यांनी ते सभागृहाच्या बाजूनं बोलले. आमच्या वर्गात दोन्ही बाजू इतक्या सारख्या ताकदीनं मांडणारा दुसरा कोणी झाला नाही. त्या वर्षी टाकीही आली नाही आणि सभागृहही झालं नाही, पण सरपंच त्यानंतर शाळेवरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायचे.

मग गावातून तक्रारी यायला लागल्या. एक आई रस्त्यात थांबवून म्हणाली, ‘मॅडम, तुमी काय शिकवून राह्यल्या पोट्ट्याइले? काल म्या मारासाठी हात उचलला तं म्हनते, थांब, पयले माही बाजू सांग.’

‘मग?’ मी घाबरत विचारलं.

‘मंग काय! सांगतली त्याची बाजू. पूरी सांगतली. व्हय म्हने तो. आन मंग देल्ली एक ठेवून.’

हे सांगताना ती हसत होती. मलाही हसू आवरेना. तिनं नियम तंतोतंत पाळला होता, त्यामुळे मला तिला काही बोलता येत नव्हतं.

आजही धनजच्या बाजूच्या माझ्या वर्गात वाद चालू असतो तेव्हा मला कधीकधी वाटतं, इतिहास शिकवण्यातली खरी अडचण हीच आहे की पुस्तकात तो घडून गेलेला असतो. कोण जिंकलं, कोणी काय ठरवलं, सगळं कोरडं, वाळलेलं, पोत्यात भरलेलं. पोरांना वाटतं, असंच होणार होतं. वादात मात्र ते अजून व्हायचं असतं. चिठ्ठी उघडेपर्यंत कोणालाच ठाऊक नसतं की आपण कोणाच्या बाजूनं उभे राहणार. त्या वयात, त्या ओरखडलेल्या पायांनी, क्षणभर का होईना ती पोरं त्या जागी उभी राहतात, जिथं माणसं खरोखर उभी होती आणि त्यांना पुढचं काहीच माहीत नव्हतं. हे मला फार आवडतं. इतकं आवडतं की परीक्षेला धडा पूर्ण झाला नाही तरी मला त्याचं पुरेसं वाईट वाटत नाही.

धडा पूर्ण न होण्याविषयी बोलायचं तर पायलविषयी बोलावं लागेल.

पायल सहावीत होती. गावाच्या टोकाला एक वस्ती आहे, पाच-पन्नास घरांची. दसरा झाला, आपलं आणि दुसऱ्याचं सोयाबीन सोंगून झालं, की तिथली बरीचशी माणसं ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागल्यावर परत येतात. पायल त्यांच्यातली. त्यामुळे तिचं एक विचित्र झालं होतं. प्रत्येक इयत्तेचं पहिलं अर्धं पुस्तक तिला चांगलं येत होतं आणि दुसरं अर्धं तिनं कधी उघडलंच नव्हतं. अपूर्णांकांची ओळख होती, पुढचं काही नव्हतं. राज्यं कशी उभी राहिली हे ती घडाघडा सांगायची. पुढे त्यांचं काय झालं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पहिली पाच वर्षं ती वर्गात भिंतीला टेकून गप्प बसायची असं आधीचे गुरुजी सांगत. वाद सुरू झाले आणि त्या गप्प पोरीला तोंड फुटलं. समोरच्याचं म्हणणं तिच्याइतकं अचूक कोणालाच सांगता यायचं नाही. गप्प बसणाऱ्यांना ऐकायची सवय असते, तिचा तिला फायदा झाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हापशावर पाणी भरताना ती माझ्याजवळ आली. ‘मॅडम, औंदा मले नाही जायाचं.’

‘बाबांना सांगितलंस?’

‘नाही. बाबा म्हनते सोनूले कोन पाहीन?’

सोनू तिचा भाऊ, दोन वर्षांचा. आई-बाप उसाच्या फडात, आणि कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या त्या खोपट्यात, सोनूला सांभाळायला पायल. तिच्या जाण्याचं कारण एवढंच होतं आणि ते अगदी खरं कारण होतं. मी संध्याकाळी वस्तीवर जाऊन तिच्या बाबांशी, किसनभाऊंशी बोलले. त्यांनी मला खाट टाकून बसवलं, चहा दिला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मॅडम, तुमचं बरोबर हाय. पन आमचं बी पाहा ना.’ मी पाहिलं, आणि कप रिकामा करून उठले. चहा मात्र चांगला होता. 

दोन-तीन दिवसांनी आमचा इतिहासाचा वाद होता. आदिमानवाचा धडा, माणूस शेती करायला लागला, एका जागी राहायला लागला तो. विषय मी आठवड्यापूर्वीच देऊन ठेवला होता, भटकं जगणं बरं की एका जागची वस्ती बरी? पायलनं डब्यातली चिठ्ठी उचलली, उघडली आणि तिचा चेहरा पडला. भटकं निघालं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बदलून देईन अशी तिला आशा होती की काय कोण जाणे. मी डबा पुढच्या मुलासमोर धरला.

पण उभी राहिल्यावर ती जी बोलली, ते मला अजून आठवतं. बाहेर कोणाच्या तरी खळ्यावर थ्रेशर चालू होतं, म्हणून ती मोठ्यानं बोलत होती.

‘आदिमानव फिरत होता म्हनून तो वाईट हाय का? जागा खराब निघाली का उठून चालले जात. सामान कमी, म्हनून भांडन कमी. आन त्याइचे पोट्टे कधी एकटे राह्यत नव्हते. सकायी उठलं का माय दिसे, झोपताना बाप दिसे. घर म्हंजे भिंती नाही. जिथं मायबाप, तिथंच घर!’

टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांमध्येच दारात कोणीतरी चपला काढून उभं राहिलं. किसनभाऊ होते. परवा ट्रक येणार, पायलला उद्यापासून पाठवणार नाही, हे सांगायला आले होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत वर्ग ओरडला, ‘दारात आले! दारात आले!’

ते बिचारे दचकून दोन पावलं मागं सरकले. सम्यकनं पुढं होऊन त्यांना अतिशय अदबीनं नियम समजावून सांगितला. वस्तीच्या बाजूला एक जण कमी होता.

‘मले कायले बाप्पा? मी तं शिकलो बी नाही,’ ते हसून म्हणाले.

‘काका, आदिमानव बी शिकलेला नव्हता,’ सम्यक म्हणाला. ‘पन पयले पायलचं म्हननं सांगा. ती व्हय म्हनल तवाच पुढं.’

किसनभाऊंनी गळ्यातला रुमाल काढून पुन्हा गळ्यात घातला. ‘पोरगी म्हनते का… फिरलं म्हंजे मजा येते.’

‘नाही बाबा,’ पायल म्हणाली. ‘मजा नाही म्हनलं मी.’

‘मंग पोरगी म्हनते, सामान कमी पाह्यजे.’

‘थे म्हनलं. पन थे मुख्य नाही.’

पोरं खिदळली. किसनभाऊही हसले, पण आता ते तिच्याकडे नीट बघायला लागले होते. घरात रोज समोर असलेल्या पोरीचं म्हणणं आपल्याला सांगता येत नाही, याचं त्यांना नवल वाटत असावं. मग ते म्हणाले, ‘पोरगी म्हनते… आमी दोघं जिथं असू, तिथंच तिले घर वाटते.’

‘व्हय,’ पायल म्हणाली.

‘आता याच्या उलटं बोलाचं?’ त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. 

‘बरं. बोलतो.’ त्यांनी भिंतीला हात टेकला. ‘आमी दरसाल फिरतो. तिकडं आमाले नाव नाही राह्यत. नवरा-बायको मिळून एक कोयता म्हनते. किती कोयते आले, असं मोजते. इथं वस्तीवर मले किसन म्हनते लोक, शिव्या देल्ल्या तरी नावानं देते. आन एका जागी राह्यलं का पेरलेलं पाह्याले भेटते. आमी तूर पेरतो आन फूल याच्या आधी ट्रकात बसतो. माही बहीन पाह्यते मागं. आपल्याच वावरातलं तुरीचं फूल म्या लगन झाल्यापासून नाही पाह्यलं.’ त्यांनी पायलकडे बोट केलं. ‘हे पोरगी बी तशीच हाय. जून महिन्यात शायेत घालतो, आन मंग उपटून नेतो.’

 टोलाची वेळ झाली होती. ज्याची पाळी होती तो पोरगा बाहेर गेला आणि त्यानं दगडाचा ठोका मारला. बाजू बदलल्या. आता किसनभाऊंच्या वाट्याला त्यांची स्वतःचीच बाजू आली होती, ज्यासाठी ते शाळेपर्यंत चालत आले होते. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी एकदा पायलकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ते कसनुसं हसले.

‘मॅडम, आता माह्याच्यानं नाही होत. मंघा बोललो थे खरंच बोललो ना मी.’

दाराशी जाऊन त्यांनी चपला घातल्या. ‘हिच्या मायले इचारतो,’ एवढंच म्हणाले आणि गेले. पोरं मला विचारत राहिली, कोण जिंकलं, कोण जिंकलं. मी त्यांना कवायतीला पाठवलं आणि रिकाम्या वर्गात थोडी रडले. आनंदानं की भीतीनं ते सांगता येत नाही, कारण अजून काहीच ठरलेलं नव्हतं. वर्गात बाप गप्प झाला म्हणून घरातला दोन वर्षांचा सोनू काही मोठा झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पायल आली, वह्यांशिवाय. विचारलं तर म्हणाली, घरी रात्री तिच्यासमोर कोणी काही बोललं नाही. मधल्या सुट्टीनंतर मी सहावी-सातवीला मिळून विद्युत परिपथ शिकवत होते, वाद नव्हताच, तरी पोरं अचानक सवयीनं पुटपुटली, ‘दारात आल्या.’ पायलची आई होती, सुनीताबाई. डोक्यावर पदर, कडेवर सोनू, साडीला सोयाबीनचं कुटार चिकटलेलं. सोंगणीवरून सरळ आली होती. सोनू झोपलेला होता आणि त्याच्या मुठीत एक शेंग होती. कोणीतरी उत्साहानं माझा डबा पुढं केला.

‘चिठ्ठी नाही पाह्यजे मले,’ ती म्हणाली. ‘काल इथं सारे बोलले म्हने. मले कोनी बोलावलं नाही, म्हनून मीच आली.’

मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. तिला माझ्याशी बोलायचंच नव्हतं, ती पायलशी बोलत होती.

‘तू म्हने म्हनली, जिथं मायबाप तिथं घर. तुह्या बाबानं मले घरी येऊन सांगतलं. मले नाही पटलं थे. दरसाल जाताना मी दाराले कुलूप लावते. सा महिने त्या घरात दिवा नाही लागत. तिकडं कोपीत बसलं का मले थे कुलूपच दिसते. औंदा मी कुलूप नाही लावनार. तुही आत्या येते राह्याले. म्या बोलली तिच्यासंगं. तू घरात राहजो, सांज झाली का दिवा लावजो, शायेत येजो. आमाले तिकडं कोनी इचारलं तुमचं घर कुठी हाय, तं म्या सांगीन, तिकडं वाशीमकडं हाय, पोरगी हाय घरी.’

‘आणि सोनू?’ माझ्या तोंडून निघून गेलं.

‘सोनू माह्या पाठीवर,’ ती म्हणाली. ‘ही बी पाठीवरच वाढली.’

तिनं झोपलेल्या पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. पायल जागेवरून उठली नव्हती. दोन्ही हात बाकावर पालथे ठेवून ती आईकडे बघत होती. जे रोज बोलायची सवय होती तेच माझ्या तोंडात आलं. मी वर्गाला विचारलं, ‘विरुद्ध बाजूनं कोणी?’

एकही हात वर झाला नाही. सम्यकचासुद्धा नाही.